सतरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, ॲपवर मात्र ‘नवीन ग्राहक’

*प्रश्न :* मी ६३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. नागपुरात प्रतापनगरला राहते. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं आहे, थोडी शुगरही आहे. २००८ पासून मी एकाच कंपनीची चप्पल घालते आणि ती बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, एकाच दुकानातून घेत आले. तिथले भाऊ पाय हातात घेऊन पाहतात, पट्टा सैल करून देतात. मागच्या दिवाळीत गेले तर म्हणाले, “मॅडम, कंपनीनं आम्हाला माल देणंच बंद केलं. आता त्यांच्या ॲपवर नाहीतर मॉलमधल्या त्यांच्या शोरूममध्ये.” मुलीनं ॲपवर माझा नंबर टाकला, तर ‘स्वागत आहे, नवीन ग्राहक’ म्हणून दहा टक्के सूट दिली! हसू की रडू कळेना. पहिली जोडी घट्ट आली. बदलून आली ती त्याच नंबरची, पण डाव्या पायात सैल आणि उजव्यात हाडावर घासते. आता म्हणतात, एकदाच बदलून मिळते. १,८९९ रुपये अडकले. यंदाच्या मारबतीच्या मिरवणुकीत या कंपनीचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढावा असं वाटून राहिलं आहे. मुलगी म्हणते, “आई, एका चपलेसाठी किती बोलशील?” इतक्या जुन्या गिऱ्हाइकाला कोणी असं वागवतं का? ग्राहक मंचात जाऊ का? आणि खरं सांगायचं तर आता त्या दुकानासमोरून जायचं मी टाळते. ॲपवरून घेतली हे भाऊंना कळलं तर काय वाटेल त्यांना?
— एक जुनं गिऱ्हाईक

ताई,

चपलेबद्दल पानभर लिहिलंत आणि ठणका कुठे आहे ते शेवटच्या दोन ओळींत सांगितलंत. तेव्हा मी शेवटापासूनच सुरू करते.

माझ्या वडिलांचं नागपूरच्या महाल भागात कटलरीचं दुकान होतं. टिकल्या, रिबिनी, सुयादोरे, स्नो-पावडर. शाळा सुटली की दुपारी गल्ल्यावर मी. तेव्हा केसांच्या तेलाच्या एका कंपनीनं असाच फतवा काढला होता : महिन्याला इतक्या पेट्या उचलाल तर माल, नाहीतर नाही. आमच्या दुकानाची तेवढी ऐपत नव्हती. तेल बंद झालं. गल्लीतल्या एक काकू वर्षानुवर्षं आमच्याकडून तेच तेल न्यायच्या. त्या इतवारीच्या बाजारातून बाटली आणू लागल्या आणि आमच्या दुकानासमोरून जाताना ती पदराखाली धरायच्या. बाटली लपायची, पण पदराचा उंचवटा काही लपायचा नाही. आठ-दहा दिवस बाबांनी पाहिलं आणि मग गल्ल्यावरूनच हाक मारली, “काकू, तेल तिकडूनच घ्या, माझ्याकडे नाहीच आहे. पण टिकल्यांचं पाकीट तरी आपल्याकडून न्या ना!” काकू अशा लाजल्या की त्या दिवशी टिकल्यांसोबत दोन रिळं आणि एक कंगवाही घेऊन गेल्या.

शेजारच्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला लागतं, हे खरं. पण कंपनीनंच माल तोडल्यावर माणूस दुसरीकडे गेला, तर त्याचा हिशेब तो गिऱ्हाइकाच्या नावावर मांडत नाही. तुमच्या भाऊंच्या घरीही ॲपवरून मागवलेली खोकी येतच असतील. तुम्ही रस्ता बदलता हे मात्र त्यांच्या लक्षात आलं असेल, आणि लागलंच असेल तर तेच लागलं असेल.

आता त्या ‘नवीन ग्राहक’बद्दल. मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या दहा टक्क्यांत आहे. तुम्ही विचारता, सतरा वर्षांच्या गिऱ्हाइकाला असं वागवतात का. पण कंपनीला कुठे माहीत होतं की तुम्ही सतरा वर्षांपासून आहात? कंपनी माल द्यायची डिस्ट्रिब्यूटरला, डिस्ट्रिब्यूटर दुकानाला. कंपनीच्या कागदावर काय दिसायचं, तर नागपूरच्या डिस्ट्रिब्यूटरनं अमुक मॉडेलच्या इतक्या जोड्या उचलल्या, त्यात सहा नंबरच्या इतक्या. त्या सहा नंबरमध्ये प्रतापनगरच्या एक बाई आहेत, त्यांच्या उजव्या पायाचं हाड बाहेर आलेलं आहे, त्यांना बाहेरच्या बाजूनं पट्टा सैल लागतो, हे एकाच माणसाच्या डोक्यात होतं. तो बर्डीवर बसतो.

तो काय काय करायचा, आठवून पाहा. पुठ्ठ्यावर पाय ठेवून पेन्सिलनं रेघ मारायचा. पट्ट्याला आरीनं एक भोक जास्त पाडून द्यायचा. चपलेत पाय गेला की बोटानं टाचेमागची जागा चाचपायचा आणि म्हणायचा, “दोन पावलं चालून पाहा मॅडम.” नवा माल आला की त्यातली रुंद जोडी तुमच्यासाठी काढून ठेवायचा. या कशाचेही त्यानं वेगळे पैसे घेतले नाहीत. ते त्याच्या मार्जिनमधून निघायचे. कंपनीच्या हिशेबनीसाला मात्र तेच मार्जिन फुकट जाणारा पैसा वाटलं असणार. त्यानं ते कापलं. काम काही कमी झालं नाही, ते तुमच्या घरी आलं. आता माप तुम्ही काढायचं, अंदाज तुम्ही बांधायचा, चुकलं की डबा पुन्हा तुम्ही बांधायचा आणि कुरिअरवाल्याची वाट पाहत दुपारभर घरी तुम्हीच बसायचं.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. चपला-बुटांत डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे, एकाच रस्त्यावर एक दुकान दहा टक्के सूट देतं आणि दुसरं वीस, आणि गिऱ्हाईक कोण ते कंपनीला कधीच कळत नाही. आणि सगळे दुकानदार तुमच्या भाऊंसारखे असते तर काय हवं होतं! “घालून घालून सैल होते” हे वाक्य ऐकून घट्ट चप्पल घरी आणली नाही असं माणूस नागपुरात शोधावं लागेल. बिल मागितलं की कपाळावर आठी पाडणारेही याच बर्डीवर आहेत. तेव्हा, स्वतःची शोरूम असावी, आपला माल आपल्या हातानं विकावा, असं एखाद्या कंपनीला वाटलं तर मी तिला लगेच राक्षस ठरवणार नाही. तिची चूक मला एवढीच दिसते की नवी दारं उघडताना तिनं जुनी बंद केली.

यात तुमची कंपनी काही पहिली नाही. नायकीसारख्या अवाढव्य कंपनीनं २०१७ मध्ये ठरवलं की हजारो दुकानदारांच्या पसाऱ्याऐवजी निवडक ४० मोठ्या विक्रेत्यांवर आणि स्वतःच्या दुकानांवर, ॲपवर भर द्यायचा. २०१९ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनला थेट माल देणंही बंद केलं. सुरुवातीला आकडे छान दिसले. पण दुकानांतल्या फळ्या रिकाम्या राहत नाहीत, तिथे होका आणि ऑनसारख्या नव्या कंपन्यांचे बूट येऊन बसले. लोकांनी ते पायात घालून पाहिले, आवडले, घेतले. २०२३ मध्ये नायकी मेसीज आणि डीएसडब्ल्यू या सोडलेल्या साखळी दुकानांकडे परत गेली. २०२४ च्या ऑक्टोबरात कंपनीचा प्रमुख बदलला. जो आणला तो १९८८ मध्ये तिथेच उमेदवारी करत लागलेला, निवृत्त होऊन घरी बसलेला जुना माणूस. २०२५ मध्ये अमेरिकेत नायकीचा माल पुन्हा ॲमेझॉनवरही आला.

आपल्याकडे मोबाइलचं पाहा. २०१४ मध्ये शाओमीचे फोन फक्त फ्लिपकार्टवर, ठरावीक वेळेला, काही सेकंदांत संपायचे. पोरं बोट बटणावर ठेवून बसायची. पुढे त्याच कंपनीला गल्लोगल्लीची दुकानं लागली. आणि २०२४ मध्ये उलटं घडलं : दक्षिणेतल्या मोबाइल दुकानदारांच्या संघटनेनं १ मेपासून वनप्लसचे फोन विकणार नाही असं जाहीर केलं. तक्रार होती मार्जिन फार कमी असल्याची आणि वॉरंटीचे क्लेम अडकून पडण्याची. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी बंद होतं, ताई.

ग्राहक मंचाचं. त्याचं आताचं नाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ‘दुकानात माल देणं बंद केलं’ ही तक्रार घेऊन तिथे गेलात तर हात हलवत परत याल. आपला माल कुठे विकायचा हे कंपनीनं ठरवायचं, त्यात बेकायदा काही नाही. स्पर्धा कायद्याचं कलम आहे, पण ते बाजाराचा गळाच आवळला जातो तेव्हा कामाला येतं. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, कारण त्यांचे सुटे भाग बाहेरच्या गॅरेजवाल्याला, दुकानदाराला मिळतच नव्हते. पुढे त्यावर अपिलं झाली, ते असो. पण त्या गाडीला दुसऱ्या कंपनीचा भाग बसत नाही, तुमच्या पायाला दुसऱ्या कंपनीची चप्पल बसू शकते. हा फरक आयोगाच्या लगेच लक्षात येईल.

१,८९९ रुपयांचं मात्र सोडू नका. तिथे तुम्हाला धरायला जागा आहे. आधी घरातली टेप घ्या आणि दोन्ही चपलांच्या तळव्याची लांबी आणि सगळ्यात रुंद भागाची रुंदी मोजा. एकाच नंबरच्या डाव्या-उजव्यात फरक निघाला, किंवा ॲपवर मापाचा जो तक्ता दिला आहे त्याच्याशी मेळ बसत नसेल, किंवा तिथे ‘रुंद पायांसाठी’ असं लिहून चप्पल अरुंद पाठवली असेल, तर हा मापाचा गोंधळ तुमचा नाही. वस्तू सदोष आहे किंवा वर्णनाप्रमाणे नाही. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशी वस्तू परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, ‘एकदाच बदलून मिळते’ असं त्याच्या अटींत लिहिलेलं असलं तरी. टेप लावलेल्या चपलेचा फोटो काढा, तक्त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि ॲपवर ज्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव-ईमेल दिलेलं असतं त्याला पाठवा. ते देणं त्यांना बंधनकारक आहे. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल, असा नियम आहे. चॅटवरच्या यंत्राशी वाद घालत बसू नका, ते फक्त ‘आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व’ म्हणायला बसवलेलं असतं.

तिथे नाही जमलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावा. आयोगापर्यंत जायचंच झालं तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते. पण मी तुमच्या जागी असते तर १९१५ वर थांबले असते. चप्पल मिळवण्यासाठी चपला झिजवायच्या, हे मला काही पटत नाही. आणि दोन्ही चपला सारख्या भरल्या, तक्त्याशीही जुळल्या, तर खरं सांगते, मग दोष कंपनीचा उरत नाही, फक्त पाय तुमचा वेगळा आहे. तेव्हा गोडीनं मागून पाहायचं, मिळाले तर मिळाले.

बडग्याबद्दल हरकत नाही. महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांचे निघतात, कंपनीचाही निघेल. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडायला मी येईन. पण मारबत निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तोवर नागपूरचा उन्हाळा काढायचा आहे. मे महिन्यात डांबर पाघळतं त्या रस्त्यावर शुगरच्या पायांना घासणारी चप्पल घालून फिरायचं नाही, हे मात्र मी सल्ला म्हणून सांगत नाही, दटावून सांगते. शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव हळूहळू बोथट होऊ शकते. फोड आल्याचं कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. ती जोडी ‘सैल होईल’ म्हणून एक दिवसही घालू नका. घातलीत तर परतही जाणार नाही, हा त्यातला दुसरा तोटा. एकदा डॉक्टरांना पाय दाखवा. ते एमसीआर नावाच्या खास रबराची मऊ चप्पल सांगतील कदाचित. तसं सांगितलं तर धंतोली-रामदासपेठेकडच्या दुकानांत विचारा, त्या बाजूला दवाखाने पुष्कळ आहेत.

कंपनीला एक पत्र जरूर लिहा, पण रागाचं नको. रागाची पत्रं तिथे ढिगानं येत असतील. तुमच्याकडे त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आहे : माहिती. २००८ पासून किती जोड्या घेतल्या, कोणतं मॉडेल, कोणता नंबर, कोणत्या दुकानातून, दुकानदार काय काय करून द्यायचा, आणि ॲपवरून आलेल्या दोन जोड्यांचं काय झालं. शाळेत निबंध तपासताना तुम्ही ‘मुद्देसूद लिही’ असा शेरा मारत असाल ना, तसं लिहा. आणि शेवटी एकच प्रश्न विचारा : नागपुरात पाय मोजून ही चप्पल कुठे मिळेल? जुना डबा असेल तर त्यावर ग्राहकसेवेचा पत्ता, फोन, ईमेल असेल, तो छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. उत्तर ‘मॉलमधल्या शोरूममध्ये’ असं आलं तर एकदा तिथे जाऊनही पाहा. तिथल्या पोरानं खाली वाकून पाय पाहिला तर त्याच्यापाशी माप काढा. उभ्यानंच मोबाइलवर तुमचा नंबर विचारला तर चहा पिऊन परत या.

पाय मोजायचा तो संध्याकाळी. सकाळच्या पायात आणि दिवसभर फिरून आलेल्या पायात फरक पडतो. उभं राहून, दोन्ही पाय वेगवेगळे मोजायचे, आणि मोठा निघेल त्याच्या मापाची चप्पल घ्यायची. लहान पायाकडचा पट्टा आवळता येतो, मोठ्या पायाकडचा तळवा वाढवता येत नाही. हे सगळं भाऊंना ठाऊकच आहे, मी तुम्हाला सांगते ते मुलगी पुन्हा ॲप उघडेल त्या दिवसासाठी.

मुलीचं म्हणाल तर ती अर्धी बरोबर आहे. चप्पल एका चपलेएवढीच आहे, तिच्यासाठी रात्रीची झोप घालवू नका. पण तिला कधी पायाला हाड आलेलं नाही, आणि कुणी आपला पाय हातात घेऊन ‘इथे दुखतं ना?’ असं विचारलेलं नाही. तिच्याशी वाद घालू नका. पुढच्या वेळी तिला दुकानात सोबत न्या आणि स्टुलावर बसवा.

दुकानात तर जायचंच आहे, आणि चप्पल मागायला जायचं आहे. ती कंपनी नसेल, दुसरी असेल. भाऊ तुम्हाला आधी दाखवतील ती चप्पल बहुधा ज्या कंपनीची सध्या स्कीम चालू आहे तिचीच असेल. दुकानदार आहेत, संत नाहीत. हसून “दुसरी दाखवा” म्हणा. ती घासते म्हणालात तर तिसरी काढतील, आणि तीन-चार डबे उघडल्यावर मग आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर येणार नाहीत. ते बाहेर येतील तेव्हा हातात जो डबा असेल तो नीट पाहा. ॲपवरून घेतलेली जोडीही पिशवीत घेऊन जा. कंपनी परत घेणार असेल तर तिला हात लावू द्यायचा नाही, आणि घेणारच नसेल तर पट्ट्याला एक भोक जास्त पाडून मिळतं का ते विचारायचं. आरी त्यांच्या खणात असेलच. त्याचे पैसे ते घेणार नाहीत, तरी तुम्ही द्या.

आणि जुनी चप्पल घालूनच जा. तिचा तळवा कुठे झिजला आहे ते उलटी करून पाहिल्याशिवाय ते नवी काढणार नाहीत.